लसणाचा वास आणि बटाट्याची तोफ

माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. दुधात पाणी आहे का, हे मी गवळ्याच्या तोंडाकडे बघून ठरवते. तेव्हा लग्नाच्या तिसऱ्या वर्षी, ऐन चातुर्मासात नवऱ्याच्या सदऱ्याला लसणाचा वास आला, त्या वेळी माझ्या डोक्यात काय काय शिजलं असेल ते विचारू नका.

आमचं रिठदचं घर माळकरी. चातुर्मासात कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येत नसे. वास पहिल्यांदा आला तो सासूबाईंना. त्यांनी सदरा नाकाशी धरला आणि माझ्यापुढे टाकला.

"पाय बरं. कोणाच्या चुलीवरचं खाऊन राह्यला तुहा नवरा?"

मला मूल नव्हतं. एकोणीसशे पन्नासनंतरची ती पहिलीच वर्षं, दुसऱ्या बायकोला आडवा येणारा कायदा आमच्याकडे अजून यायचा होता. उलट पहिलीनंच हसतमुखानं सवतीच्या हळदीचं ताट धरावं, अशी रीत होती. मला ते ताट धरायचं नव्हतं.

मग मी पाळत ठेवली. दुपार कलली की हे "जवारीवरची पाखरं राखाले जातो" म्हणून निघत. गोफण मात्र खुंटीलाच. विचारलं तर म्हणत, "हातानं हाकलतो." त्यातच नवरात्राच्या उपासासाठी वाळूत ठेवलेले बटाटे कमी व्हायला लागले. उंदीर म्हणावं तर कुरतडलेली सालं तरी दिसली असती. म्हणजे बटाटे माझे आणि फोडणी दुसरीची! मला ती बाई इतकी स्वच्छ दिसत होती, की तिच्या हातातल्या बांगड्यासुद्धा मी पाहिल्या होत्या. हिरव्या. तिच्या रागात मी अशी भाकर थापायची की ती परातीतच फाटायची.

एक दिवस राहवलं नाही. विळा-टोपली घेतली, गवताचं निमित्त केलं आणि ह्यांच्या मागे निघाले. हे शेत ओलांडून नाल्याकडे उतरले. तिथं पळसाखाली आमच्या गावचा सायकल दुरुस्त करणारा बसला होता. बाई कुठंच नव्हती. वास मात्र होता, नाकात जाईल असा. मला वाटलं, येईलच ती आता, डबा घेऊन.

दगडांवर एक लोखंडी नळी टेकवलेली होती. ह्यांनी माझा उपासाचा बटाटा तिच्या तोंडात कोंबला. सायकलवाल्यानं मागून कसलासा खडा टाकला. सायकलच्या दिव्यात घालतात तो, कार्बाइडचा. त्यावर पाणी पडलं आणि लसणाचा वास भपकन माझ्यापर्यंत आला. मग ह्यांनी जळती काडी लावली. धडाम! मी मटकन गवतात बसले. बटाटा नाल्यापलीकडच्या बाभळीवर फुटला आणि ते दोन मिशीवाले बाप्ये टाळ्या पिटत नाचायला लागले.

मी समोर जाऊन उभी राहिले. मला पाहताच सायकलवाला सायकल तिथंच टाकून पळाला.

"हे काय करून राह्यले तुमी?"

"गंमत," हे म्हणाले.

"रोज?"

"रोज."

खोटं पकडायची माझी सगळी तयारी होती, पण हे तर सरळ खरंच बोलले. मला रडूच फुटलं. लसूण, ती बाई, हिरव्या बांगड्या, सगळं सांगून टाकलं. हे आधी पोट धरून हसले. मग एकदम थांबले.

"वासाचं तुले कोनं सांगतलं?"

"आत्याबाईनं."

"मायनं?" ह्यांचा चेहरा उतरला. "तिले तं ठाऊक हाय. पयल्याच दिवशी आणून दाखवली व्हती म्या ही तोफ. वास कायचा म्हणून तिनंच इचारलं व्हतं."

हे खाली मान घालून म्हणाले, "आसेगावची एक पोरगी पाहाले चाल म्हणते. रोज दुपारी तेच. म्हणून तं घरी थांबत नाही मी."

इतके दिवस मी गावातल्या एकेका चुलीवर संशय घेतला होता. आमच्या चुलीपाशी कोण बसतं, याचा विचार मनाला शिवला नव्हता. मला सासूचा राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. मी भांडून माहेरी गेले असते, तर बाकीचं आपोआपच झालं असतं.

परत आले तर दारात बैलगाडी जुंपलेली. मला तणतणत निघताना सासूबाईंनी पाहिलं होतं. गाडीवाल्याला त्यांनीच बोलावलं होतं आणि माझी लुगडी गाठोड्यात बांधून ओट्यावर आणून ठेवली होती.

"जाय माहेरी, चार दिस राहून ये," त्या मायेनं म्हणाल्या. "मन शांत होईल."

मी गाठोडं उचललं.

"बैल सोडा, दादा," मी गाडीवाल्याला म्हटलं, आणि गाठोडं घेऊन घरात गेले.