होडीला शिडी नव्हती

कारवारच्या वर घाटावर, अणशीच्या पलीकडे, जिथं डांबरी रस्ता संपून लाल माती सुरू होते, तिथल्या एका वाडीत पुतळी राहते. तिची साठी उलटली की उलटायची आहे, हे तिचं तिलाच ठाऊक नाही. कुणी वय विचारलंच तर ती आधी समोरच्याचं वय काढून घेते आणि त्याच्याहून थोडं कमी सांगते. भात लावणं, कापणं, पावसाळ्याआधी लाकूडफाटा भरून ठेवणं, परड्यातले कंद उकरणं, ह्या सगळ्यात ती वाडीतल्या इतर बायकांसारखीच आहे. वेगळी आहे ती पाण्याच्या बाबतीत. पाणी दिसलं की तिचे पाय आपसूक तिकडं वळतात, आणि मग हातातलं काम कुठं राहिलं ते मागून कुणीतरी शोधत यावं लागतं.

पोहायला तिला कुणी शिकवलं नाही. लहानपणी म्हशींच्या मागनं ती माहेरच्या ओढ्यावर जायची. एवढी थोरली म्हैस तरंगते तर आपण कशाला बुडू, असा तिचा सरळ हिशेब होता. तो बरोबर निघाला. पुढं लग्न होऊन ती ह्या वाडीत आली तेव्हा सासूनं पहिल्याच आठवड्यात बजावलं, "आमच्यात सुना डोहात उड्या मारत न्हाईत." पुतळीनं खाली मान घालून "व्हय" म्हटलं. दुसऱ्या दिवशी पाणी भरताना तिच्या हातनं कळशी सुटली आणि तरंगत डोहाच्या मधोमध गेली. आता कळशी तर आणायलाच हवी! थोड्या दिवसांनी घागर सुटली. मग धुतलेलं धोतर वाहून गेलं. उन्हाळा जसजसा चढायला लागला, तसतशी सुनेच्या हातातली पकड सैल होत गेली. सासू बिचारी काळजीत पडली. तिनं उळवीकडच्या एका वैद्याकडून हाताला चोळायचं तेल आणवलं. पुतळीनं ते मनोभावे चोळून घेतलं, आणि हात तेलकट असल्यामुळं त्या दिवशी घागर अगदी खरीखुरी सुटली.

हे सगळं कळत होतं ते फक्त रामचंद्राला, तिच्या नवऱ्याला. तो कमी बोलणारा माणूस. बांबूकामात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नाही. पण लहानपणी आजोळी, डोंगरमाथ्यावरच्या वस्तीत तांब्या-तांब्यानं आंघोळ करत वाढलेला, त्यामुळं गुडघ्याच्या वर पाणी आलं की त्याच्या लेखी तो पूर. आईला त्यानं कधी काही सांगितलं नाही. उलट एकदा चैत्रात सूप विणता विणता, मान वर न करता त्यानं विचारलं होतं, "आज घागर सुटायची न्हाई व्हय? लई उकडतंय."

तर अशा ह्या पुतळीनं समुद्र बघितला होता, पण काठावरून. त्यात ती कधी उतरली नव्हती.

मागच्या पौषात भात मळून झालं, आणि गावातल्या बायकांच्या संघानं कारवारला सहल काढली. संघाच्या प्रमुख सुमंगलाबाई. अंगणवाडी चालवतात. पोरांना ज्या आवाजात "गप बसा" म्हणायचं, त्याच आवाजात त्या मोठ्यांशीही बोलतात. सहल बायकांची, पण सामान राखायला एक भरवशाचा पुरुष हवा, म्हणून रामचंद्राला गाडीत मागं पिशव्यांच्या शेजारी बसवलं. घाट उतरतानाच सुमंगलाबाईंनी उभं राहून सगळ्यांना सांगितलं, "पाणी बघायचं, पाय भिजवायचे, बास. त्याच्या पुढं कुणी गेलं तर संघातनं नाव काढून टाकीन."

सगळ्यांच्या आधी "व्हय, व्हय" म्हणाली ती पुतळी. रामचंद्र खिडकीतनं बाहेर बघायला लागला.

कारवारात परशू नावाच्या माणसाची होडी ठरवली होती. एरवी मासेमारीची, सहलीची माणसं आली की तिच्यात फळ्या टाकून बसायला जागा करायची. सकाळचं धुकं अजून पाण्यावर होतं. वारा अंगाला झोंबत होता आणि बायका पदर कानाभोवती गुंडाळून बसल्या होत्या. परशूनं त्यांना एका बेटाच्या आडोशाला नेलं, नांगर टाकला आणि इंजिन बंद केलं. बेटाच्या आडोशाला वारा पडला, ऊन वर आलं. बायकांनी उकडलेले कंद आणि मिरचीचा ठेचा काढला. होडी जागच्या जागी हळू डुलत होती.

पुतळी काठाला टेकून खाली बघत होती. पाणी हिरवं, स्वच्छ.

"परशूदादा, हे पाणी कुठलं?"

"समुद्राचं, मावशे. आनी कुठलं?"

"आनी येताना पुलाखाली नदी लागली ती?"

"ती काळी नदी. तुमच्या जोयड्याच्या रानातनंच येता न्हय?"

"म्हंजे आमच्याच वाडीवरनं आलेलं पाणी हे," पुतळी म्हणाली. "मग कुणाला इचारायचं कारण न्हाई."

सुमंगलाबाईंनी ठेचा लावलेला कंद तोंडात घालता घालता मान वळवली. पुतळी शहाण्यासारखी हात मांडीवर ठेवून बसलेली होती.

होडी धुवायची परशूची एक निळी बादली होती, दोरीनं फळीला बांधलेली. ती गाठ कशी सुटली हे आजही कुणी छातीठोकपणे सांगत नाही. पुतळीच्या शेजारी बसलेली बायजा तेवढी सांगू शकली असती, पण तिच्या तोंडात कंद होता. बादली पाण्यात पडली, डुलली आणि निघाली.

"अगं बाई! गरिबाची बादली!" पुतळी ओरडली. आणि कुणी उठायच्या आत, खांद्यावर गाठ मारलेल्या आपल्या आखूड लुगड्यासकट तिनं उडी टाकली.

थंडीनं तिचा श्वासच थांबला. वरचं वीतभर पाणी उन्हानं जरा कोमट झालेलं, पण त्याच्या खाली पाय गेले की बर्फात घातल्यासारखे. ती वर आली, तोंडातलं पाणी थुंकली, आणि खारट, खारट म्हणून हसायला लागली. मग तिच्या ध्यानात एक गंमत आली. डोहात वर राहायला हातपाय मारावे लागतात. इथं कुणीतरी खालून तळहात लावून धरल्यासारखं पाणीच तिला उचलत होतं. ती उताणी झाली. कानांत पाणी गेलं आणि होडीवरचा आरडाओरडा एकदम लांब गेला. वर आभाळ, बाजूला बेटावरची झाडं, मध्ये ती. डोळ्यांच्या कोपऱ्यातनं तिला सुमंगलाबाईंचं उघडझाप करणारं तोंड दिसत होतं, आणि आवाज येत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा.

बादली तिनं आणली. परशूच्या हातात दिली. "घे बाबा तुझी बादली."

"आता तू ये वर, मावशे."

"येते की. शिडी सोड."

परशूनं डोकं खाजवलं. शिडी नव्हती. मासे काही शिडीनं चढत नाहीत.

होडीची कड पुतळीच्या डोक्याच्या वर होती. तिनं हात पोचवला, लटकली, पण पाय होडीखाली सरकले आणि ती पाठीवर पडली. बायजानं एक हात धरला, आणखी एकीनं दुसरा. दोघींनी ओढलं. पुतळीला हसू फुटलं, आणि हसणाऱ्या माणसाचं अंग उचलायला भातानं भरलेल्या पोत्याहून जड. पुन्हा खाली. तिसऱ्यांदाही तेच. मग मात्र तिला दम लागला. नांगराचा दोर धरून ती थांबली. दात वाजत होते. डोहात दमलं की चार हातांवर काठ असतो; इथला काठ डोक्याच्या वर होता, तेलकट, आणि सारखा वरखाली होणारा. घटकाभर तिला खरीच भीती वाटली. पण ती चेहऱ्यावर दाखवली असती तर वर उभ्या असलेल्या रामचंद्राचं काही खरं नव्हतं. तो आधीच भिंतीसारखा पांढरा पडला होता.

"अवो," ती खालून म्हणाली, "पिशव्या राखा. माझं काय न्हाई."

आता सुमंगलाबाई पुढं झाल्या. शिस्तीच्या बाई, त्यांनी होडीत चढतानाच लाईफ जॅकेट घालून सगळे पट्टे आवळले होते. "व्हा बाजूला! अशानं व्हायचं न्हाई!" म्हणत त्या काठावर ओणव्या झाल्या आणि त्यांनी पुतळीचं मनगट घट्ट पकडलं. पुढं काय झालं त्याबद्दल दोन मतं आहेत. पुतळी म्हणते, हात ओला होता, बाई घसरल्या. सुमंगलाबाई म्हणतात, ओढलं.

धप्पकन आवाज झाला. नारिंगी जॅकेट घातलेल्या सुमंगलाबाई बुचासारख्या वर आल्या आणि त्यांनी अशी किंकाळी फोडली की बेटावरचे बगळे उडाले. पुतळीनं त्यांचा हात नांगराच्या दोरावर नेऊन ठेवला. "पाय सोडा, बाई. नुसते सोडा. पाणी धरतंय." आणखी एक किंकाळी अर्धी निघाली आणि थांबली. सुमंगलाबाईंनी पाय सोडले होते. त्यांच्या चेहऱ्यावर अंगणवाडीतल्या पोराला पहिल्यांदा झोपाळा मिळावा तसं काहीतरी पसरलं.

"थंड आहे," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, हळू आवाजात, "पण बरं वाटतंय गं."

एवढं ऐकल्यावर बायजा कसली थांबते! तिनं जॅकेट घातलं, नाक धरलं आणि उडी मारली. तिच्या मागनं आणखी दोघी दोराला धरून उतरल्या. परशू कपाळाला हात लावून म्हणाला, "रोज पाण्यात मासळी, आज सगळा बाजारच पाण्यात."

शेवटी त्यानं होडीतलं जाड दोऱ्याचं जुनं जाळं काठावरून सोडलं, त्याची वरची बाजू फळ्यांना बांधली आणि एकेकीला त्याच्या घरांत पाय रोवून चढायला सांगितलं. वरनं ओढायला तो आणि रामचंद्र. रामचंद्र एका हातानं बाकडं धरून, डोळे मिटून ओढत होता, पण ओढत होता जोरात. बांबू वाकवणारे हात ते. सुमंगलाबाई आल्या, बायजा आली, बाकीच्या आल्या. पुतळी अर्थात सगळ्यात शेवटी, आणि निम्म्यावर येऊन जाळ्यात अशी गुरफटली की तिला तशीच्या तशी गुंडाळीसकट आत घ्यावी लागली. होडीच्या तळाशी ती सुरमईसारखी पडली होती आणि हसत होती.

"हसू नकोस गं," रामचंद्र धापा टाकत म्हणाला. "वजन वाढतंय." आणि आपल्या अंगातला स्वेटर काढून त्यानं तिच्यावर टाकला.

परतीच्या गाडीत ओल्या लुगड्यांचा वास भरला होता. सुमंगलाबाईंनी सगळ्यांना शपथ घातली, हे गावात कुणाला कळता कामा नये. गाडी वाडीत पोचेपर्यंत ती पाळली गेली. गाडीतनं उतरल्या उतरल्या पुतळीनंच पहिल्या भेटलेल्या माणसाला सगळं रंगवून सांगितलं. तिचं नाव संघातनं गेलं नाही, कारण नियम लावायचा तर सुमंगलाबाईंना आधी स्वतःचं नाव काढावं लागलं असतं.

ह्या वर्षी सहलीचं ठिकाण ठरवायला बैठकच बसली नाही. सगळ्या जणी आपसूक कारवारच म्हणाल्या. दिवाळीनंतर रामचंद्रानं परड्यातला बांबू तोडून एक शिडी करायला घेतली होती, वरच्या टोकाला वेताचे दोन थोरले आकडे असलेली. "कशाला ओ ही?" पुतळीनं विचारलं. "कोंबड्यांच्या खुराड्याला," तो म्हणाला. कोंबड्यांना एवढी उंच शिडी कशाला, हे तिनं विचारलं नाही. शिडी गाडीच्या टपावर चढली. घाटातल्या नाक्यावर वनखात्याच्या गार्डानं गाडी थांबवून वर बोट दाखवत कानडीत विचारलं, "इदु एनु?"

"शिडी," रामचंद्र म्हणाला. "समुद्रात उतराया."

गार्डानं त्याच्याकडं बघितलं, गाडीतल्या बायकांकडं बघितलं, आणि फाटक उघडलं.

बेटाच्या आडोशाला परशूनं नांगर टाकला. शिडी काठाला बसली, घट्ट बसली. बायका एकेक करून उतरल्या, सुमंगलाबाई सगळ्यांच्या पुढं. आणि मग, कुणी म्हटलं नसताना, रामचंद्रानं विजार वर सारली आणि पाठमोरा होऊन तो स्वतः उतरायला लागला. एक पायरी. दुसरी. गुडघ्याला पाणी लागलं तसा तो थांबला आणि दोन्ही हातांनी शिडीला मिठी मारून उभा राहिला. त्याला खाली जाववेना आणि वरही चढवेना.

"भावजी, सरका की! मला वर यायचंय," बायजा कुडकुडत म्हणाली.

"सरकतो," तो म्हणाला आणि तसूभरही हलला नाही. "लई थंड हाय गं हे."

पुतळी पाण्यातनं त्याच्याकडं बघत होती. त्याचे डोळे ह्या वेळी उघडे होते, आणि तो खाली, आपल्या पायांभोवती हलणाऱ्या हिरव्या पाण्याकडं बघत होता.

"ऱ्हाऊ दे त्यास्नी," ती बायकांना म्हणाली. "चला, होडीला आणखी एक फेरी मारू."