तपासनीस आणि हातोडी

मावशी कामाला बसली की तिच्या तोंडात खिळे असतात. बारीक, चपट्या टोपीचे, एका वेळी वीस-बावीस. जिभेने एक खिळा ओठांपर्यंत आणायचा, हातोडीच्या लोहचुंबकी टोकाने उचलायचा, लाकडात टोचायचा, हातोडी फिरवून ठोकायचा. हे सांगायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात तिचे तीन खिळे ठोकून होतात.

खिळे तोंडात असले की बोलता येत नाही. त्यामुळे जुने सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवून देणाऱ्या या दुकानात बोलण्याचं खातं तिच्या धाकट्या भावाकडे आहे. मामा मापं घेतो, कापड कापतो, गिऱ्हाइकाशी गोड बोलतो आणि ते गेलं की त्याची उणीदुणी काढतो. मी त्यांची नात्याने कोणी नाही. वरच्या खोलीत भाड्याने राहते आणि प्रूफं तपासते. ठकठक सुरू झाली की वर बसून ऐकण्यापेक्षा खाली येऊन बघितलेलं बरं, असं पहिल्याच आठवड्यात ठरवलं. मामा मला पंडितबाई म्हणतो. साहित्याची पदवी घेतलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार, असं त्याचं म्हणणं.

दुकानात चौथा तपासनीस. राखाडी बोका, पांढरे पंजे. दोन वर्षांपूर्वी एका सोफ्याचं बूड उसवताना मावशीच्या हाताला ऊब लागली. स्प्रिंगांच्या मध्ये, काथ्यात, तीन पिल्लं. सोफ्याच्या मालकाने हात वर केले. दोन पिल्लं समोरच्या बेकरीवाल्याने नेली, तिसरं राहिलं. मोठं झाल्यावर ते दुकानात आलेल्या प्रत्येक खुर्चीवर आधी स्वतः बसून बघायला लागलं. पसंत पडली तर झोपायचं. नाही तर उतरून पाठ फिरवायचं. म्हणून तपासनीस.

नखं काढायला त्याला कोपऱ्यातला उसवलेल्या कापडांचा ढीग होता. कुणाची तक्रार नव्हती.

मग डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंची खुर्ची आली. उंच पाठीची, दोन्ही बाजूंना डोकं टेकायला कान असलेली. कापड त्यांनी स्वतः आणलं होतं, निळं, जाडंभरडं, सैल विणीचं. त्यांच्या सासूबाईंनी स्वतःच्या मागावर विणलेलं. सासूबाई आता नव्हत्या आणि मागही नव्हता. कापड लागेल त्यापेक्षा जेमतेम हातभर जास्त.

मावशी पाठ मढवून हात धुवायला गेली. परत आली तेव्हा तपासनीस मागच्या दोन पायांवर उभा होता. पुढचे पंजे त्या निळ्या कापडात, डोळे मिटलेले, अंग लांबलचक ताणलेलं. एवढा सुखी प्राणी मी क्वचित बघितला आहे.

"ताई!" मामा ओरडला. "तुझ्या साहेबांनी सही केली बघ खुर्चीवर!"

वीतभर धागे उपसून आले होते. मावशीने हातोडी उचलली आणि त्याच्या कानाजवळच्या टेबलावर आपटली. ठक्.

तो हवेतच वळला आणि दाराबाहेर गेला.

शिल्लक कापड लावून तिने पाठ पुन्हा मढवली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खुर्चीकडे गेला. ठक्. तिसऱ्या दिवशी तो खुर्चीपासून चार पावलांवर थांबला. मावशीच्या हाताकडे बघितलं आणि मागे फिरला.

"बघ," मामा म्हणाला. "सुतासारखा सरळ झाला."

मावशी हसली. खिळे तोंडात टाकून कामाला बसली. पहिला खिळा ठोकला आणि टेबलाखालून तपासनीस गोळीसारखा बाहेर पळाला.

आम्ही तिघं दाराकडे बघत राहिलो. त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने हातोडी नुसती उचलली, तेवढ्यावर तो गेला. त्याच्या पुढच्या दिवशी आत आलाच नाही. बेकरीच्या भिंतीवर बसून राहिला. खुर्चीवरच्या ठकला आणि कामाच्या ठकला आवाज एकच होता. आणि काम सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा.

"येईल," मामा म्हणाला. "पोट कुठे जातंय?"

पोट सहानंतर यायला लागलं. शटर अर्ध्यावर आलं की तो उंबऱ्याशी ठेवलेली वाटी रिकामी करायचा. एका संध्याकाळी मावशीने त्याच्या पाठीवर हात ठेवायला हात पुढे केला. त्याने पाठ जमिनीसरशी केली आणि हाताखालून निसटला. ओरबाडलं नाही, फिसकारलंही नाही. नुसता निसटला. मावशीचा हात तसाच राहिला.

तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हती. चार खिळे ठोकायची आणि दाराकडे बघायची. उठायची, गोंदाचा डबा इकडून तिकडे ठेवायची, परत बसायची. खिळे वाकडे जायला लागले. अंगठ्यावर हातोडी बसली, तीस वर्षांत पहिल्यांदा. मग तिने ठोकायचं काम बाजूला ठेवलं आणि वाकड्या सुईने शिवत बसली. शिवतानाही कान बाहेर.

"खुर्ची पुढच्या शनिवारी द्यायची आहे," मामा म्हणाला.

"माहीत आहे."

"मग बोक्याचं एवढं काय घेऊन बसलीस? येत नाही तर नाही. सुंठीवाचून खोकला गेला."

मावशीची सुई थांबली.

"बाबा असंच करायचे ना रे?" ती म्हणाली.

मामाची कात्री कापडाच्या मध्यावर होती. तिथेच राहिली.

त्यांच्या वडिलांचं हे दुकान. दोघं इथेच काम शिकली. वडिलांनी मुलांना कधी बोट लावलं नाही, हे शेजारीपाजारी अजून कौतुकाने सांगतात. मीही ऐकलं होतं.

"बोट नाही लावलं," मावशी माझ्याकडे बघून म्हणाली. "काही बिघडलं की हातोडी टेबलावर आपटायचे. आमच्या बोटांपासून एवढ्यावर." तिने सुईएवढं अंतर दाखवलं.

"याहून कमी," मामा म्हणाला.

मामाने कात्रीतून बोटं काढली. मग त्यानेच विचारलं, "मी हातोडी का धरत नाही, ताई? तुला काय वाटत होतं?"

"मला वाटलं, तुला कापायला आवडतं."

"आवडायला लागलं. नंतर."

सहा महिने मी त्या दुकानात बसत होते. मावशी ठोकायला बसली की मामाला नेमका फोन यायचा. तो बाहेर पायरीवर जाऊन बोलायचा. ठोकणं थांबलं की फोन संपायचा. मी रोज बघत होते, आणि वर जाऊन दुसऱ्यांच्या पुस्तकातल्या चुका काढत होते.

मावशीने फळीवरची हातोडी उचलली आणि उलटसुलट करून बघितली. "माझ्या कधी लक्षात आलं नाही," ती म्हणाली. मामाबद्दल म्हणाली की बोक्याबद्दल, कळलं नाही.

"आवाज बारीक कर आधी," मामा म्हणाला. "एकदम नाही. हळूहळू मोठा कर. मला जर कुणी..." त्याने वाक्य सोडून दिलं आणि कात्री पुढे चालवली.

त्याच दुपारी तिने हातोडीच्या डोक्याला फलाटीनच्या चिंधीचे सहा पदर गुंडाळून सुतळी बांधली. उंबऱ्यात बसली. लाकडाच्या तुकड्यावर एकदा ठोकलं. धप्, एवढाच आवाज. उकडलेल्या माशाचा एक तुकडा भिंतीखाली टाकला. पुन्हा धप्, पुन्हा तुकडा.

"हाक मार ना त्याला," मी म्हटलं.

"हाक नाही मारायची. बघायचंही नाही."

"किती दिवस?"

"ते त्याला विचार."

रोज एक पदर उतरायचा. तिसऱ्या दिवशी तो भिंतीवरून खाली आला. चौथ्या दिवशी रस्ता ओलांडला. मधे बेकरीवाल्याच्या हातून पावाचा पत्रा दणकन पडला आणि आमचे दोन दिवस वाया गेले. मावशी बेकरीवाल्याला जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. तिच्या तोंडात खिळे असतात हे त्याचं एरवीचं नशीब.

शुक्रवारी एकच पदर उरला तेव्हा तो उंबऱ्याच्या आत आला.

आता खुर्चीचा प्रश्न होता. आत येणारा बोका खुर्चीकडे जाणारच. मामाने एका जुन्या पलंगाचा पाय जड फळीवर उभा ठोकून घेतला, म्हणजे बेकरीवाल्याकडून ठोकून घेतला, आणि निळ्या कापडाच्या उसवलेल्या तुकड्याने मढवला. मोठ्या अभिमानाने मावशीपुढे ठेवला.

"अरे, हेच कापड ओरबाड म्हणून शिकवतोस का त्याला?"

मामाने जीभ चावली. तुकडा काढला आणि सोफ्याच्या बुडाला लावतात ती तागाची पट्टी घट्ट गुंडाळली. पट्टीत नखं चांगली रुततात. खांब खुर्चीला अगदी लागून ठेवला. "त्याची जागा तीच आहे," मावशी म्हणाली. "कोपऱ्यात ठेवला तर कोपऱ्यापर्यंत जायला त्याला सांगणार कोण?" खुर्चीवर गुळगुळीत रेक्झिन टाकलं.

तपासनीस आला. खुर्चीपाशी उभा राहिला, अंग ताणून पंजे वर टेकले. रेक्झिनवरून पंजे सर्रकन घसरले आणि तो बुडावर आपटला. कुणी बघितलं का म्हणून त्याने वळून बघितलं. आम्ही तिघंही छत बघत होतो.

मग त्याने खांब हुंगला. एक पंजा लावला, मग दुसरा. तागाचा खर्र खर्र आवाज सुरू झाला.

"शहाणा," मावशी हळू म्हणाली आणि माशाचा तुकडा खांबापाशी ठेवला.

तासाभराने त्याला खुर्चीचा एक कान सापडला, जिथे रेक्झिन अपुरं पडलं होतं. नखं कापडाला लागणार, एवढ्यात मावशी उठली. पण उठायच्या आधी तिने हातोडी जमिनीवर आडवी ठेवली, आवाज न करता. मोकळ्या हातांनी गेली. त्याला काखेत धरून उचललं आणि खांबापाशी सोडलं. दटावलं नाही. त्याने अंग आखडलं, पण निसटला नाही.

"एक धागा गेला," मामा म्हणाला.

"एक धागा मी आत ओवते. तू गप्प बस."

शनिवारी दुपारी खुर्चीच्या बुडाचं काळं अस्तर तेवढं राहिलं. चिंधी बांधलेल्या हातोडीला खिळा चिकटत नाही, म्हणून ते शेवटाला ठेवलं होतं. चौदा खिळे. डॉक्टरीणबाईंचा ड्रायव्हर गाडी घेऊन बाहेर येऊन थांबला. तपासनीस टेबलाखाली होता.

"गोंद लाव," मामा म्हणाला. "खालून कोण बघतंय?"

"आजचं गोंदाने भागेल. सोमवारी काय करू?"

तिने शेवटचा पदर सोडला. मोजून चौदा खिळे तोंडात टाकले. मामा सवयीने खिशातला फोन चाचपायला लागला होता. त्याने हात बाहेर काढला.

पहिला खिळा. ठक्. तपासनीसाचे कान मागे गेले, अंग जमिनीला टेकलं. मावशी थांबली. त्याच्याकडे बघत नव्हती, खुर्चीच्या पायाकडे बघत होती. कान हळूहळू पुढे आले. दुसरा खिळा. पुन्हा थांबली. तिला हे चौदा खिळे ठोकायला एक मिनिटही लागलं नसतं. पाचव्या खिळ्यापर्यंत दहा मिनिटं गेली होती. मला श्वास घेता येत नव्हता, आणि त्याचं मला हसूही येत होतं.

सहाव्याला तो उठला. टेबलाखालून निघाला, दाराकडे गेला, उंबऱ्यात उभा राहिला. अर्धा बाहेर.

गाडीचा हॉर्न वाजला. मग दार उघडल्याचा आवाज. ड्रायव्हर दुकानाकडे यायला निघाला होता. तो उंबऱ्याशी आला असता तर बोका एक तर आत बिथरला असता, नाही तर बाहेर कायमचा.

मामा उंबऱ्याच्या कडेने, बोक्याला पाय न लागू देता, बाहेर गेला. गिऱ्हाइकाला एक मिनिट खोळंबवलं तर दिवसभर हळहळणारा हा माणूस.

"थांबा जरा," त्याचा आवाज आला.

"अहो, बाईंना पाच वाजता..."

"बाईंना सांगा, माझ्यामुळे उशीर झाला. आत नाजूक काम चाललंय. आणि तो हॉर्न नका वाजवू, हात जोडतो."

बाहेर शांत झालं. तपासनीस अजून उंबऱ्यातच होता, आमच्याकडे पाठ. मावशीने सातवा खिळा ओठांवर आणला. हातोडी उचलली.

ठक्.

शेपटी ताठ झाली. पुढचा पाय उचलला गेला. कितीतरी वेळ तो पाय तसाच वर राहिला, बाहेर पडणार की आत, काही कळेना. मग त्याने तो खाली टेकवला. मागे वळून तिच्या हातातल्या हातोडीकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे. आणि उंबऱ्यावरच आडवा झाला, आमच्याकडे तोंड करून.

रस्त्यात मामा ड्रायव्हरच्या दंडाला धरून उभा होता. मामाची नजर दुकानाकडे होती.

मावशीने आठवा खिळा पुढे आणला. अजून सहा उरणार होते. सोमवारी तिघांनी बसायचा सोफा यायचा होता, त्याला दोनशेच्या वर खिळे.