मनुबाईच्या नावाची साक्ष

जत तालुक्यातल्या त्या वाडीत ख्रिस्ती घरं अकराच, मनुबाईचं त्यातलं एक. नवरा लवकर गेला. लोकांच्या रानात खुरपून ती जगली, पण रविवारची उपासना तिनं कधी चुकवली नाही. बहीण वारल्यावर तिचा मुलगा दिग्विजय मनुबाईकडंच वाढला. गळा गोड, बोलायला धीट. पुढं तो सांगलीला जाऊन प्रचारक झाला, मेळाव्यांतून बोलू लागला, तेव्हा मनुबाईला वाटलं, प्रभूचं एवढं तरी काम आपल्या हातून झालं.

तीन वर्षांपूर्वी तिला क्षयानं धरलं. खोकल्यातून रक्त पडायचं, अंगावर मांस राहिलं नाही. गावची आशाताई महेजबीन रोज सकाळी चालत यायची आणि समोर उभी राहून गोळ्या गिळायला लावायची. पोटात ढवळून यायचं. मनुबाई डोळे मिटून प्रार्थना करायची, मग गोळ्या तोंडात टाकायची. सहा महिन्यांनी तपासणीत ती बरी निघाली. उपासनेत उभं राहून तिनं देवाचे आभार मानले, महेजबीनचंही नाव घेतलं. दिग्विजय त्या दिवशी आला होता. त्यानं मोबाईलवर तिचा फोटो काढला. कशाला, हे तिनं विचारलंही नाही.

यंदा उन्हाळ्यात महेजबीन एक छापील कागद घेऊन तिच्या दारात आली. शेजारच्या वस्तीवरच्या बनुबाईलाही क्षय झाला होता आणि तिनं महिनाभर गोळ्या बंद ठेवल्या होत्या. हा कागद तिच्या उशाखाली सापडला. त्यावर मनुबाईचा फोटो. मनुबाई अडखळत वाचत गेली. या भगिनीनं औषधं उकिरड्यावर फेकली, तीन दिवस उपास केला आणि चौथ्या दिवशी ती ठणठणीत झाली, असं त्यात होतं. खाली दिग्विजयचं नाव.

महेजबीन रागावली नव्हती. तेच मनुबाईला जास्त लागलं.

"मावशी, तुमी आसं सांगितलंसा व्हय?" तिनं हळूच विचारलं.

मनुबाईनं दिग्विजयला फोन लावला. त्यानं काही नाकारलं नाही. लोकांचा विश्वास वाढतो, महिमा देवाचाच होतो, यात तुझं काय गेलं, असं म्हणाला. दोन वर्षं तो ही गोष्ट गावोगाव सांगत होता. ज्याला तिनं पदराखाली घेतलं, त्यानंच तिच्या तोंडी खोटं घातलं होतं.

दोन रविवारांनी तो वाडीत बोलायला आला. चर्चच्या पाळकांनी आपापला अनुभव सांगायला, साक्ष द्यायला वेळ दिला तशी मनुबाई उठली.

"माझ्या नावानं जे सांगत्यात ते खोटं हाय," ती म्हणाली. "मी एकबी गोळी फेकली न्हाई. प्रभूनं मला बरं केलं, ते त्या गोळ्यांनीच केलं. कुणाच्या घरात आजारी माणूस आसंल तर गोळ्या बंद करू नगासा."

दिग्विजयनं मान खाली घालून गीत सुरू केलं आणि हळूहळू सगळ्यांनी त्याच्यात सूर मिसळला. मनुबाई एकटीच गप्प उभी राहिली. उपासना संपल्यावर पाळक म्हणाले, घरातलं घरात बोलायचं होतं, पोराला चारचौघांत खाली बघायला लावलंस. शेजारच्या बायकाही तिच्याशी न बोलता निघून गेल्या.

बनुबाईच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आता त्या जास्त महिने घ्याव्या लागतील आणि तिचं एक फुप्फुस पुरतं सुधारेल याची डॉक्टरांना खात्री नाही. दिग्विजयचा नवा कागद निघाला, त्यावर दुसऱ्याच बाईचा फोटो आहे; गोष्ट तीच. मावशीला त्यानं त्यानंतर फोन केलेला नाही.

मनुबाई अजून दर रविवारी जाते, पुढच्याच सतरंजीवर बसते. प्रार्थनेत दिग्विजयचं नाव घेते. पण पूर्वी घ्यायची तसं ते आता तिच्या तोंडून निघत नाही.