पाटीवरचा मोहर

शेजारच्या स्वयंपाकघरातून तुरीच्या शेंगा उकडल्याचा वास येतो आहे. मिठाच्या पाण्यातल्या त्या हिरव्या, किंचित उग्र वासानंच आमच्या चिखलीत पौष आल्याचं कळतं, कॅलेंडर बघावं लागत नाही. पूर्वी या वासानं मला नुसती भूक लागायची. हल्ली हायसं वाटतं. चला, शेंगा तरी वेळेवर आल्या! वेळेवर आलेल्या गोष्टींचं मला अलीकडे फार अप्रूप वाटू लागलं आहे, आणि त्याला कारण आमच्या ओसरीवरची एक पाटी आहे.

आम्ही दोघं नवरा-बायको शाळेत शिकवायचो. नोकरी होती तोवर ऋतू आम्हाला परीक्षांवरून नाहीतर भाजीच्या पिशवीवरून कळत. निवृत्तीनंतर यांनी हायकूचा नाद घेतला आणि मलाही त्यात ओढलं. सकाळी शेतांच्या रस्त्यानं फिरून यायचं आणि आल्यावर दोघांनी पाटीवर खडूनं एकेक हायकू लिहायचा. नियम सगळे त्यांचे. त्या सकाळी पाहिलेलं-ऐकलेलंच लिहायचं, ऋतूचं नाव घ्यायचं नाही पण तो वाचणाऱ्याला कळला पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी पाटी पुसून टाकायची. मला पुसणं जिवावर यायचं. "काऊन जीव जाळून राह्यली वं?" ते हसायचे. "सकाळ काय उद्या येत नाही?" पण या तीन ओळींच्या हावेपायी मी बघायला शिकले, हे खरं. कपाशीचं फूल उमलताना पिवळसर असतं आणि मिटताना गुलाबी होतं, हे कापसाच्या मुलखात जन्म काढूनही मी कधी थांबून पाहिलं नव्हतं.

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, किल्ल्या. ते काय, माझंही होतं. पण धाड गावच्या बाजारात मी कांदे निवडत असताना हे माझ्या बाजूनं निघून गेले. सापडले ते भलत्याच गावाच्या गाडीत, पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. "डोकं कुठी गेलतं काय मालूम," म्हणाले आणि हसले. मी हसले नाही. लेक फोनवरून म्हणे, अकोल्याला डॉक्टरला दाखव. मी दिवाळीवर ढकलत राहिले, कारण दाखवलं की दुखण्याला नाव पडणार, आणि नाव पडलं की ते घरातच मुक्कामाला येणार. त्याऐवजी मी गुपचूप पाटीच वाचू लागले. त्यांच्या ओळींत ऋतू बरोबर असला की माझा दिवस बरा जायचा. ज्वारी पोटरीत, कणीस अजून पानांच्या आत; पांदीच्या वाटेवर उजाडण्याआधीचे काजवे; गवतावर दव. कविता म्हणून वाचायचं सुटलं आणि आईनं पोराच्या कपाळाला हात लावून बघावा तसं मी त्या अक्षरांना बघू लागले.

ऐन आश्विनात, सोयाबीन काढणीला आलं असताना, एका सकाळी हे एकटेच फिरून आले आणि लिहून गेले:

आंब्याला मोहर
बांधावर बसलो
घर विसरलो

मोहर माघातला! आणि ती तिसरी ओळ. एरवी तिला मीच दाद दिली असती. त्या दिवशी ती मला कवितेची ओळ वाटलीच नाही. चहा देता देता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज वार कोणता हो?" त्यांना कळलं. मग चपला घातल्या. "चाल, दाखोतो तुले."

रस्ताभर मी देवाला हात जोडत होते. वाटेवरच्या एका शेतातल्या विहिरीपाशी पोचलो, आणि खरंच, आंब्याची एक फांदी मोहरानं भरली होती. बाकीचं झाड हिरवंगार, गप्प. मी खोडाला टेकून रडले. आनंदानंच. माझा माणूस जागेवर होता, चुकलं होतं ते झाड.

शेताची मालकीण सोयाबीन कापायचं सोडून जवळ आली. "काय झालं बाई?" मी मोहराकडे बोट दाखवलं. "हाव, त्याचंच त मले टेन्शन," ती म्हणाली. "असा भलत्या टायमाले आलेला मोहर टिकत नाही, झडून जाते. मंग खऱ्या टायमाले तेच फांदी रिकामी राह्यते." तिचं तोंड उतरलेलं होतं, आणि मी तिच्याच झाडाखाली उभी राहून डोळे पुसत हसत होते. मला फार लाजल्यासारखं झालं.

तेव्हापासून माझा पाटीवरचा भरवसा उडाला आहे. यांचं चुकलं की दिवसांचं, हे घरात बसून सांगता येत नाही. उठून पाहून यावं लागतं. आम्ही अकोल्यालाही जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे, बघत राहू. बघत राहणं एवढंच काय ते माझ्या हाती उरलं आहे.

आज यांनी लिहिलं आहे:

शाल ओढली
तरी कोकिळा
कानातच

पौषात कोकिळा! मी स्वेटर चढवला आणि त्यांच्यासोबत रस्त्यावरच्या कडुलिंबाखाली येऊन उभी राहिले आहे. एक ट्रॅक्टर गेला, कावळे ओरडून थकले. "थांब वं जराशीक," हे माझा हात धरून म्हणतात, "बोलते ते पुन्हा." या दिवसांत तिनं बोलू नये हे मला कळतं. ती बोलली तर दिवसांचंच आणखी काहीतरी बिनसलं आहे, हेही कळतं. तरी मी मान वर करून, जीव कानात आणून, तिनं एकदा तरी बोलावं म्हणून उभी आहे.