दोन चंद्रांची भरती

सोसायटीच्या लिफ्टमध्ये कुणी सुका जवळा घेऊन शिरलं की बाकीचे नाक दाबतात आणि मला माझी पहिली कादंबरी आठवते. आमच्या कोळीवाड्यात तिथीवरून भरतीची वेळ काढतात, तशी त्या कादंबरीतली दहा वर्षांची मुलगी परक्या ग्रहावर दोन चंद्रांवरून भरती तोंडी सांगायची. संपादक म्हणाले, "एवढीशी पोर, त्यात मासेवालीची, आणि बोलते अशी गावठी! वाचकाला पटणार नाही. तिला शास्त्रज्ञाची मुलगी करा, शुद्ध बोलू द्या." माझं डोकंच फिरलं. मी त्यांना सरळ माझ्या माहेरी, दिवाळे गावच्या खाडीवर घेऊन गेले. सकाळचं ऊन चिखलावर चकाकत होतं, होड्या कलंडून पडल्या होत्या आणि माझी दहा वर्षांची भाची बांबूवर बोंबील टांगत होती. त्यांनी विचारलं, "पाणी कधी भरेल गं?" ती मान वर न करताच म्हणाली, "आज चवथ हाय. तीनला भरंल." त्यांनी मोबाइलमध्ये भरतीची वेळ पाहिली, तीनला पाच मिनिटं कमी. तरी हट्टाने म्हणाले, "आणि आकाशात दोन चंद्र असते तर?" तिने हातातला बोंबील टांगला आणि म्हणाली, "मंग पंचांग पन दोन लागतील ना, काका." परतताना गाडीत ते म्हणाले, "ही मुलगी खरी आहे हो, पण पुस्तकात नाही पटणार." मी तिथेच हस्तलिखित परत मागितलं. कादंबरी पुढे दुसरीकडे छापून आली. त्यातल्या मुलीचा एक शब्दही मी बदलला नाही. फक्त भाचीचं पंचांगांचं ते वाक्य तिच्या तोंडी घातलं, कारण तेवढं हुशार वाक्य मला सुचलं नसतं.