जुनी डिस्क पुसण्याआधी

जयनगरात लॅपटॉप दुरुस्त करणारे बेळगावकडचे अण्णा कुणाच्याही घाईला दाद देत नाहीत. परवा मी त्यांच्याकडे लॅपटॉपमध्ये मोठी एसएसडी बसवून घ्यायला गेले, सोबत कॉपी करायच्या फोल्डरांची यादी. त्यांनी नव्या डिस्कवर पाव जागा मोकळीच सोडली.

“गच्च भरली की लवकर झिजते, अक्का.”

“बरं. आता जुनी पुसून टाका, मला निघायचंय.”

“स्वल्प थांबा की.”

नेहमीसारखं एकेका ओळीवर बोट ठेवत त्यांनी यादी जुन्या डिस्कशी ताडून पाहिली. मग विचारलं, “‘आईचा आवाज’ यादीत नाही. पुसू?”

आई गेल्या वर्षी गेली. मी उत्तर द्यायच्या आतच, माझ्याकडे न बघता त्यांनी ते फोल्डर कॉपीला लावलं. यादी मी घरी दोनदा तपासली होती, तरी हेच राहून गेलं होतं.