झनूनच्या नावावरची अकरा कार्डं

झनून माझ्या बहिणीचा नवरा. मोसुलच्या उजव्या तीरावर, निम्म्या पडलेल्या आमच्या गल्लीत त्याची गिरणी होती. गहू उकडायचा, गच्चीवर वाळवायचा आणि भरडून त्याचा बुरगुल करायचा, एवढंच त्याला येत होतं आणि एवढंच त्याला करायचं होतं. मी भूगोलाचा निवृत्त मास्तर. तीस वर्षं मी त्याला मनातल्या मनात अडाणी म्हणत आलो. आता म्हणत नाही, तोंड राहिलेलं नाही.

लढाईनंतर गल्लीत पुरुष फारसे उरले नाहीत. काही ढिगाऱ्याखाली गेले, काही काळ्या झेंडेवाल्यांबरोबर गेले ते गेलेच. त्यांच्या बायका मागे राहिल्या. नवरा दहशतवाद्यांच्या सरकारी यादीत, म्हणून बाईला ओळखपत्र नाही. ओळखपत्र नाही म्हणून फोनचं कार्ड नाही. पण दळण कोणाला चुकलंय? गिरणीपाशी उन्हात ताटकळण्यापेक्षा फोन आला की यावं, हे बायकांना सोयीचं होतं. झनूनने काय करावं? स्वतःच्या ओळखपत्रावर एकामागून एक कार्डं घेतली आणि नऊ जणींना वाटून टाकली. एक बद्रियाला, म्हणजे माझ्या बहिणीला दिलं.

"अबू निझार, नसतं लचांड गळ्यात पडेल," मी त्याला बजावलं होतं. निझारचा बाप म्हणून गल्लीत त्याला अबू निझार म्हणायचे.

"काय पडणार, उस्ताद? भरड जाड झाली म्हणून चार शिव्या पडतील. त्या तर आत्ताही पडतात."

आता आमच्याकडची रीत अशी, की परक्या बाईचं नाव कोणी फोनमध्ये लिहीत नाही. स्वतःच्या बायकोचंही नाही. फोन चारचौघांत वाजतो, कोणाचीही नजर पडते. झनूनच्या फोनमध्ये सगळे पुरुषच होते. हाजी खलफ, टायरवाला, अबू आदिल सुतार. बद्रिया होती 'अबू फारिस प्लंबर'. "तीस वर्षं संसार केला आणि प्लंबर झाले गं बाई!" असं म्हणून ती पोट धरून हसायची. परक्या बाईशी फोनवर बोलणं लांबवायचं नाही, हीही रीत. "झालंय, या," एवढं बोलून तो फोन ठेवून द्यायचा.

गेल्या उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरपाशी झालेल्या रेटारेटीत त्या नऊ जणींतल्या उम्म हुझैफाचा फोन चोरीला गेला. झनूनने तिला नवं कार्ड आणून दिलं. त्याचं स्वतःचं सोडून ते अकरावं. चोरीची तक्रार मात्र केली नाही. मी खडसावलं तर म्हणाला, "चौकीत विचारतील, फोन कोणाकडे होता? मी काय सांगू, परक्याच्या बायकोकडे?"

शरदात भाजीबाजाराच्या नाक्यावर हातगाडीतला बॉम्ब कोणीतरी फोनवरून उडवला. दोन शिपाई, एक कांदेवाला आणि त्याची सून गेली. राखेत अर्धं वितळलेलं कार्ड सापडलं. यंत्राने ते वाचलं आणि झनूनचं नाव सांगितलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, अंगावरच्या कोंड्यासकट त्याला गिरणीतून उचलून नेलं. अशा गुन्ह्याला इथे फाशी आहे.

सुरक्षा कचेरीतला लेफ्टनंट मुहन्नद माझा जुना विद्यार्थी, म्हणून मला आत सोडलं. झनून बाकावर बसला होता. हातात बेड्या, ओठ सुजलेला. समोर भिंतीएवढा पडदा. मधे एक वर्तुळ आणि भोवती दहा, रेघांनी जोडलेली.

"बघा सर, नकाशा. तुम्हीच शिकवलात ना वाचायला?" मुहन्नद म्हणाला. "स्फोटाच्या दोन दिवस आधी, पंधरा मिनिटांत यांनी नऊ जणांना फोन केले. प्रत्येक फोन सात-आठ सेकंदांचा. तेवढ्यात माणूस खुशाली तरी विचारतो का? हा हाजी खलफ कोण? हा टायरवाला कोण? तुमच्या गल्लीत असं कोणीच नाही. आम्ही शोधून आलो."

"गिऱ्हाइकं आहेत, साहेब," झनून म्हणाला.

"मग खरी नावं सांगा."

"लोकांच्या घरातली नावं मी कशी सांगू?"

माझं डोकंच फिरलं. इथे गळ्याशी दोर आलाय आणि हा माणूस रीत सांभाळत बसलाय! आयुष्यभर मी पोरांना शिकवलं, की खरं ते एकदा नीट मांडलं की प्रश्न सुटतो. मी पुढे झालो.

"साहेब, या बायका आहेत! दळणाला येणाऱ्या विधवा!"

"उस्ताद, गप्प बसा," झनून म्हणाला. त्या आवाजात तो माझ्याशी पूर्वी कधीच बोलला नव्हता.

मी गप्प बसलो नाही. त्या नऊ जणी मला त्यांच्या लहानपणापासून ठाऊक, त्यांच्या भावांना मी शिकवलेलं. वर्गात हजेरी घ्यावी तशी मी नावं घेत गेलो. बाईचं नाव, बापाचं नाव, नवऱ्याचं नाव. मुहन्नद टाइप करत होता. प्रत्येक नावाबरोबर एक वर्तुळ लाल होत होतं. तिसऱ्या नावाला ते माझ्या लक्षात आलं. पाचव्याला मुहन्नद सावरून बसला. तरी मी थांबलो नाही. मला वाटलं, सगळी सांगितली तर समजेल.

"नऊच्या नऊ," मुहन्नद हळूच म्हणाला. "सर, या सगळ्यांचे नवरे यादीत आहेत. आणि सगळ्यांचे फोन एकाच माणसाच्या नावावर."

मी आत आलो तेव्हा झनून कार्डं वाटणारा एक भोळा माणूस ठरू शकला असता. आता तो टोळीचा म्होरक्या होता, आणि ते माझ्या तोंडून झालं होतं.

"दळण होतं रे! दळण!" मी ओरडलो.

"तसं मी लिहितो, सर. पण एवढी लाल झाली की फाइल आपोआप बगदादला जाते. माझ्या हातात काही राहत नाही." त्याने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "एक उरला. अबू फारिस प्लंबर. दिवसाला वीस-वीस फोन. हा कोण?"

झनूनने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं तो शिव्या देईल. तसं काही त्याच्या डोळ्यांत नव्हतं. सख्ख्या बहिणीचं नाव आता मला इथे सांगावं लागणार, हे त्याला दिसलं असावं. तोच बोलला.

"बद्रिया. बद्रिया बिन्त सालिम. माझी बायको."

तीन शिपाई उभे होते, त्यांतला एक फोनवर काहीतरी बघत हसत होता. झनूनने बेड्यांसकट हात उचलून तोंड झाकलं आणि तो रडायला लागला.

पूल ओलांडून गल्लीत पोचेपर्यंत मुहन्नदच्या गाड्या माझ्या आधी येऊन गेल्या होत्या. उम्म हुझैफाचं दार बिजागरीवर लोंबत होतं. शेजारची तिच्या पोराला कडेवर घेऊन उभी होती. मला बघून तिने तोंड फिरवलं. बद्रिया उंबऱ्यातच भेटली.

"काय म्हणाले ते?"

मी सगळं सांगितलं. नऊ नावं कोणी घेतली तेही सांगितलं.

"तुझंही नाव गेलं तिथे," मी म्हणालो.

"तूच सांगितलंस?"

"नाही. त्याने."

"शिपायांसमोर?"

"हो."

ती भिंतीला धरून खाली बसली. "म्हणजे त्याला कळलंय," ती म्हणाली. "तो आता घरी येत नाही. येणार असता तर त्याने माझं नाव घेतलं नसतं."

मग उठून आत गेली, बाहेर जायचा काळा अबाया अंगावर चढवून आली, आणि दोन्ही दारं सताड उघडून उंबऱ्यापाशी बसली. शिपायांना ती फोडायला लागू नयेत म्हणून.